निशाणाला चढलेला रंग

१

कपडे धुवायला यंत्र आणि वाळवायलाही यंत्र, तरी कांचनकाकू यंत्रातून काढलेला एकेक कपडा हातात घेत, झटकत, खिडकीच्या उजेडाला धरत आणि मगच त्याची घडी घालत. जन्मभराची खोड ती, कॅरीला येऊन थोडीच सुटणार? नवरा डॉक्टर, पेनसिल्व्हेनियात चांगलं नाव कमावलेला, पण घरातल्या साऱ्या ब्लाउजांची शिवण काकूंच्या हातची. श्रीरामराव गेले तशी एकुलती लेक अनया त्यांना नॉर्थ कॅरोलिनात, कॅरी गावातल्या आपल्या घरी घेऊन आली. अनया संग्रहालयांतली जुनी, विरलेली कापडं सांभाळायचं काम करते. ‘कापडांची डॉक्टरीण’ असं काकू ओळखीपाळखीत सांगत. पोरीचं लग्न टिकलं नाही, मूलबाळ नाही. काकूंना ती आणि तिला काकू, एवढाच काय तो संसार.

त्या दिवशी हातात आला तो अनयाचा मोरपंखी कुडता. मागच्याच दिवाळीचा. काकूंनी तो उजेडाला धरला आणि धरूनच राहिल्या. पाठ नवीकोरी, आणि छातीकडची बाजू वर्षानुवर्षं दोरीवर विसरून राहिल्यासारखी विटलेली. ऊन म्हणावं, तर पोरगी दिवसभर तळघरातल्या बिनखिडकीच्या खोलीत असते. साबण म्हणावा, तर त्याच साबणातून निघालेला काकूंचा गाउन जसाच्या तसा होता.

मग त्यांनी कुडता उलटा केला. बाहेर कितीही विटो, शिवणीच्या आतला रंग उडत नाही, हे सुई धरणारी कुठलीही बाई सांगेल. तिथे उन्हाला वाटच नसते. काकूंनी चष्मा चढवला आणि पुढची शिवण जराशी उसवली.

आतलं कापड पांढरंफटक होतं.

काकूंनी कुडता घडी करून कपाटात सगळ्यात खाली सरकवला आणि कुकर लावायला गेल्या.

२

अनयाचं तेव्हाचं काम गाडीने तासाभरावर, एका लहानशा गावात होतं. दीडशे वर्षांपूर्वी या मुलखात यादवी माजली. गुलाम पाळायचा हक्क हातचा जाऊ नये म्हणून दक्षिणेची राज्यं फुटून निघाली, त्यांनी करड्या वर्दीच्या फौजा उभ्या केल्या आणि ती हरली. त्यातल्या एका पलटणीचं निशाण त्या गावच्या संग्रहालयात होतं. संग्रहालय चालवणारे त्याच शिपायांचे वंशज. निशाणाचा रंग इतका गेलेला, की चहा गाळून गाळून काळपटलेलं फडकं बरं. मूळ रंग कुठला आणि मधोमध काढलेल्या चित्राचा अर्थ काय, एवढं शोधून लिहून द्यायचं अनयाकडे आलं होतं.

वंशज मंडळींचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. निशाणाचं अंग पांढरं, म्हणजे पवित्रता. मधे कापसाचं बोंड धरलेला हात, म्हणजे कष्ट. असं लिहा आणि सही करा. अनया बापासारखी हट्टी. तिने काठाच्या दुमडीत भिंग घालून पाहिलं, तर तिथे लाल धागा. बोंडावर दिवा तिरका पाडला, तर बोंड मागाहून रंगवलेलं. त्याच्याखाली त्या मुठीत दुसऱ्याच कुणाचं मनगट होतं.

“गच्च धरलेलं, आई. ओढत नेताना धरतात तसं,” आमटी वाढून घेत ती म्हणाली. “आणि हे लोक त्याला कापूस म्हणतात. मी लिहिणार आहे. सगळं लिहिणार आहे.”

काकूंना लेकीचं कौतुक वाटलं आणि भीतीही वाटली. त्यांनी कुडत्याचं विचारलं. डिटर्जंट चेंज कर, एवढं म्हणून अनयाने विषय उडवला. मग जरा वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं, की एक वियर्ड गोष्ट होतेय. रंग मोजायचं तिचं यंत्र दर आठवड्याला लाल थोडा जास्त दाखवतंय. यंत्र बिघडलं असेल म्हणून तिने दुसरं मागवलं. दुसरंही तेच म्हणतं.

“गेलेला रंग परत येतो का गं कधी?” काकूंनी विचारलं.

“येत नाही.”

ती जेवत राहिली. दिव्याखाली तिची नखं काकूंना मेणाची वाटली.

३

घरी बसून कंटाळा आला, असं सांगून काकू एके सकाळी तिच्या गाडीत बसल्या.

गाव नीटनेटकं होतं. गवत कापलेलं, चर्चचा मनोरा पांढरा, आणि बऱ्याच घरांच्या ओट्यावर त्याच हरलेल्या फौजेचे नवे, झगझगीत झेंडे. संग्रहालयाच्या दारात मिस्टर हॅस्केल म्हणून एक हाडकुळा म्हातारा बसलेला असे. वंशजांपैकीच एक. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी. बायका आल्या म्हणून तो उठला नाही की टोपीला हात लावला नाही. अनयाकडे तर त्याने बघितलंही नाही. काकूंना म्हणाला, तुमच्या मुलीची मतं फार जोरदार आहेत, मॅम. गावात लोक विचारतात, आमच्या पणजोबांचं निशाण परक्या हातात दिलंच का म्हणून.

“मग का दिलंत?” काकूंनी विचारलं.

“दुसरं कुणी त्या खोलीत टिकेना,” तो म्हणाला.

खोली तळघरात होती. पांढऱ्या भिंती, पांढरा ओटा, हवा थंड ठेवणाऱ्या यंत्राची एकसारखी घरघर. अनयाने निळे हातमोजे घातले आणि वरची चादर बाजूला केली. काकूंची तयारी चहाच्या फडक्याची होती. समोर भाजलेल्या विटेसारखं लाल कापड पसरलं होतं. मधोमध मूठ, मुठीत मनगट. मूठ फिकी. मनगट गव्हाळ.

एखाद्या घरात पाऊल टाकावं आणि आतल्यांची बोलणी एकदम तुटावीत, तसं काकूंना झालं. खोलीत तर त्या दोघीच होत्या. आपण नको असलेले पाहुणे आहोत हे बाईमाणसाला कुणी सांगावं लागत नाही, हवेतच कळतं. इथे त्याहून वाईट होतं. त्या नकोशा होत्या, आणि लेक हवी होती.

अनयाने काठाची दुमड चिमट्याने उघडून दाखवली. सुरुवातीला इथेच लाल धागा मिळाला होता, म्हणाली. आता आत पांढरं होतं आणि वर रंग चढत होता. हे उलटं आहे, कापड असं वागत नाही, पण लॉजिकल कारण असणारच. आणि आई, प्लीज, बोट लावू नकोस, घामाने धागा सडतो.

काकूंनी हात पदराखाली घेतले. पांढऱ्या धाग्यावरून त्यांना कपाटातल्या सगळ्यात खालच्या घडीची आठवण झाली. पण अनयासारखंच काहीतरी लॉजिकल कारण काकूंनाही हवं होतं.

४

दुपार कलली तशी अनयाने निशाणावर चादर ओढली, दिवे मालवले आणि दारातून बाहेर पडताना मागे वळून रिकाम्या खोलीला म्हणाली, “येते.”

त्यात नवल नव्हतं. पेनसिल्व्हेनियात लहानपणी शाळेच्या बसकडे पळताना ती “आई, जाते” म्हणून ओरडली, की काकू तिला फाटकातून माघारी बोलावत. जाते म्हणतात ते परत न येणारे. येते म्हण. बस सुटली तरी बेहत्तर, पण ‘येते’ म्हटल्याशिवाय सुटका नसे. पोरीचं बाकीचं मराठी इंग्रजीत बुडालं, हा एक शब्द तेवढा हाडीमाशी खिळला. बँकेतून निघताना म्हणे, दवाखान्यातून निघताना म्हणे, कुणी ऐको न ऐको.

दार लागलं. अनया किल्ली द्यायला पुढे गेली. काकू चपलेचा बंद नीट करायला वाकल्या, आणि दाराच्या पलीकडून त्यांना ऐकू आलं.

“येते.”

जाडा आवाज. पुरुषाचा. मग त्याच्या मागून दुसरा, मग पुष्कळसे, रांगेत एकाने म्हटलेलं पुढच्याने उचलावं तसे. येते. येते. येते.

काकूंनी कानातलं यंत्र काढलं, फुंकून परत बसवलं. थंड हवेच्या यंत्राची घरघर, दुसरं काय. म्हाताऱ्या कानांना भांडी घासतानासुद्धा कुणी हाक मारल्यासारखं वाटतं. पण घरघरीला शब्द कसा फुटेल? आणि फुटलाच, तर पुरुषाच्या तोंडी ‘येतो’ फुटेल. हे गडी ‘येते’ म्हणत होते. म्हणजे ते काही स्वतः येत नव्हते. तिने दिलेला शब्द घोकत होते.

हॅस्केल जिन्याच्या पायरीवर उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

“त्याचा अर्थ काय होतो, मॅम?” त्याने विचारलं. “ती रोज म्हणून जाते तो शब्द. ती गेली की मग रात्रभर तेच चालतं.”

काकूंनी अर्थ सांगायला नको होता. पण विचारलं की सांगायचं, ही सवय. आम्ही जाते म्हणत नाही, म्हणाल्या. मी परत येईन, असं म्हणून निघतो.

“अच्छा,” हॅस्केल म्हणाला. “वचन आहे तर.” आणि प्रथमच हसला.

५

नंतरच्या दिवसांत काकू लेकीला नजरेने चाचपत राहिल्या. ओठ धुतल्यासारखे. केस पिकलेले नव्हते, पिकलेल्या केसाला निदान चमक असते. हे राखेसारखे झाले होते. सकाळी हौसेने कपाळाला लावून दिलेली लाल टिकली संध्याकाळी घरी येताना करडी असे. काकूंनी धरून डॉक्टरकडे नेलं. हिमोग्लोबिन नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. डॉक्टरीण म्हणाली, जरा उन्हात फिरा.

उन्हात फिरवली. अंगणात खुर्ची टाकून बसवली. उजेड तिच्यावर पडे आणि काही न घेता परत जाई.

काम सोड म्हणून काकूंनी विनवलं. अनया चिडली. एकच दिवस राहिलाय. रिपोर्ट सही करून त्यांच्या हातात दिला की संपलं. तो दिला नाही, तर ते दुसऱ्या कुणाकडून पांढरं आणि कापूस लिहून घेतील, आणि ते मनगट कुणाचं होतं हे कधीच कुणी विचारणार नाही. “तुला असं वाटतं का आई, की मला काही दिसत नाही? मी आरशात बघते. पण मी घाबरून पळाले तर ते जिंकले ना.”

बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. काकू रात्रभर तळमळल्या आणि पहाटे त्यांना एकदम उमजलं, की कामाशी भांडायचंच नाही. भांडण शब्दाशी आहे. दिलेला शब्द मागे घ्यायचा.

नाश्त्याला त्यांनी सांगितलं. आज मी बरोबर येणार. आणि काम संपवून त्या खोलीतून निघताना येते म्हणायचं नाही. जाते म्हणायचं.

अनयाचा चमचा हातात राहिला. “तू हे सांगतेयस? तू?” मग ती हसली. “त्या एका शब्दासाठी माझी बस चुकवायचीस, यार.”

“चुकवली असेल. आज म्हण. माझ्यासाठी म्हण.”

अनया आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ओके. म्हणेन.

काकू देवापुढे उभ्या राहिल्या, पण मागणं सुचेना. आपल्याच तोंडाने लेकीला ‘जाते म्हण’ सांगून आलेली आई देवाला काय सांगणार? तिथेही त्यांनी मनातल्या मनात तो शब्द घोकला. कडू औषध जिभेवर ठेवून बघावं तसा.

६

बाहेर भादव्यासारखं जळजळीत ऊन होतं आणि तळघरात नखं निळी पडावीत असा गारठा. चादर काढली तेव्हा काकूंनी डोळे मिटून घेतले. निशाण आता नुसतं लाल नव्हतं, ओलं वाटावं इतकं लाल होतं. काठाला निळे पट्टे उमटले होते, मोरपंखी निळे. समोर वाकून शेवटची टिपणं घेणारी अनया त्या रंगाशेजारी पेन्सिलीने काढल्यासारखी दिसत होती.

तिने कागदावर सही केली. मूळ अंग लाल. चित्र, दुसऱ्याचं मनगट आवळणारी मूठ. अर्थ, मालकी. हॅस्केलने कागद न वाचता बगलेत धरला. हे वाचायला कुणी येणार नाही, मॅम, तो अनयाला नव्हे, काकूंना म्हणाला. तो सौजन्याने बोलत होता, आणि म्हणूनच काकूंना त्याची जास्त भीती वाटली.

चादर ओढली. दिवे मालवले. अनया दारात थांबली. काकू तिच्याशेजारी, दंडाला धरून.

अनया अंधाराकडे तोंड करून स्वच्छ आवाजात म्हणाली, “जाते.”

घरघर थांबली. यंत्र बंद पडलं असेल. पण इतका वेळ भरलेली ती खोली त्या एका शब्दाने रिती झाली, असं काकूंना स्पष्ट कळलं. बऱ्याच जणांनी एकदम श्वास सोडावा आणि पावलं मागे घ्यावीत, तसं. सुटली. माझी पोर सुटली. काकूंचे हातपाय सैल पडले, डोळे भरून आले, आणि त्या सैलपणात, मनाला विचारायच्या आधी, उभ्या आयुष्याच्या सवयीची जीभ हलली.

“अगं, जाते नाही गं. येते म्हणावं.”

आणि अनया, त्या एका शब्दाच्या बाबतीत आईच्या म्हणण्याबाहेर कधी न गेलेली अनया, खुदकन हसून म्हणाली, “सॉरी, सॉरी. येते.”

घरघर परत सुरू झाली.

काकूंनी तोंडावर हात दाबला. आता दाबून काय होणार होतं?

७

वर, काचेच्या दारापाशी, उन्हात उभी गाडी दिसत होती. काकूंनी लेकीचा दंड सोडला नव्हता. पळत सुटायचं, कॅरीला पोचायचं, पुन्हा इथे फिरकायचं नाही. शब्द शब्दच असतो. न पाळला तर न पाळला.

“आई, पर्स,” अनया म्हणाली. “गाडीची किल्ली पर्समध्ये आहे. खाली राहिली.”

काकू नको म्हणेपर्यंत ती जिना उतरली होती. काकू कठडा धरून तिच्यामागे उतरल्या. खोलीचं दार उघडं होतं, दिवा लावलेला नव्हता. बाहेरच्या उजेडाची एक पट्टी आत गेली होती आणि त्या पट्टीत अनया ओट्याकडे वाकलेली दिसली. तिचा हात पर्सकडे गेला. आणि पट्टीच्या कडेने, जिथे अंधार सुरू होत होता तिथून, करड्या बाहीतला एक हात पुढे आला आणि त्याने तिचं मनगट धरलं. हिसका नाही, घाई नाही. पायरीवरून बाईला उतरवताना हात द्यावा तसा.

अनयाने मान वळवून आईकडे बघितलं. मग दार लागलं.

काकूंनी दारावर मुठी आपटल्या. हॅस्केल शेजारी येऊन उभा राहिला, पण ना त्याने अडवलं, ना किल्लीला हात घातला. उघडं आहे, मॅम, एवढंच म्हणाला. आणि दार खरंच आतून उघडलं.

अनया बाहेर आली. पर्स खांद्याला. गाल लाल, ओठ लाल, केस काळेभोर. कितीतरी महिन्यांत अशी तजेलदार दिसली नव्हती. काकूंचा जीव भांड्यात पडला, त्या तिला मिठी मारायला पुढे झाल्या. ती सभ्यपणे बाजूला सरली, त्यांना वाट करून दिली.

“आफ्टर यू, मॅम,” ती म्हणाली.

आणि हॅस्केलने डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली. ताठ उभा राहिला. ती त्याच्याकडे बघून जराशी मान हलवून पुढे गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावर एका तालात, टाचा आपटत चढला. दाराशी ‘येते’ न म्हणता ती बाहेर पडली.

काकू तिच्यामागे गेल्या नाहीत. त्या आत गेल्या.

भिंत चाचपून त्यांनी दिवा लावला. खोली रिकामी. थंड हवा, पांढरा ओटा, सरकलेली चादर. निशाण होतं तसं झालं होतं, चहाच्या फडक्यासारखं, लाल नाही, निळं नाही. डोळे ताणून बघितलं तर मधोमध मूठ दिसत होती आणि मुठीत मनगट. सगळं विटलेलं. मनगट तेवढं गव्हाळ.

बोट लावायचं नाही, घामाने धागा सडतो. काकूंनी दोन बोटं त्या मनगटावर टेकवली. श्रीरामरावांनी शेवटच्या आजारात स्वतःच्याच हातावर शिकवलं होतं, अंगठ्याच्या बाजूने, हलके, दाबायचं नाही.

कापड उबदार होतं. आणि बोटांखाली, हळू पण नीट, नाडी लागत होती.

वर गाडीचा हॉर्न वाजला. अनया कधी हॉर्न वाजवत नसे. दारातून हॅस्केल म्हणाला, हात काढा मॅम, तुमची मुलगी खोळंबलीय.

“हो,” काकू म्हणाल्या, आणि बोटं उचलली नाहीत.